पाणी गढूळ येतंय आणि जो तो म्हणतो तलाव आमच्याकडे नाही

आज डोकं फिरलंय म्हणून लांब लिहितोय. आमचं गाव साक्री तालुक्यात, गावाच्या वर दीड किलोमीटरवर मातीचं धरण आहे, म्हणजे अक्कलपाड्यासारखं मोठं काही नाही, आमच्याकडे सगळे त्याला तलावच म्हणतात, कागदावर उंची 9 मीटर. पण याच तलावाच्या पोटात पाणीपुरवठ्याची विहीर आहे आणि तीन गावं त्या पाण्यावर जगतात. बांधाच्या खाली नाल्याच्या दोन्ही काठांना आदिवासी वस्ती, तिच्या खाली जिल्हा परिषदेची शाळा, मग आमचं गावठाण.

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या, सोमवारी विसर्जनाला बाया तलावावर गेल्या होत्या, सुरतहून आलेली पोरं होती, वाजतगाजत सगळं. परत आल्यावर वहिनी म्हणाली, भाऊ, बांधाच्या पायाशी ते झिरपतं ना, ते पाणी आज चहासारखं दिसतंय. मी तशीच गाडी काढली आणि आबांना मागे बसवलं. आबा या तलावाचे जुने चौकीदार, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. आबा खाली बसले, स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं, निवळू दिलं, तळाला बोटभर माती बसली. मला म्हणाले, "भाऊ, पानी गढूळ ई राह्यनं, माटी वाही राह्यनी." त्यानंतर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत आणि माझ्या पोटात गोळा आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मातीचं धरण थोडंफार पाझरतंच, त्यात घाबरायचं काही नाही, ते पाणी नितळ असलं आणि रोज तेवढंच असलं तर चालतं. पण पाणी गढूळ आलं म्हणजे ते येताना बांधाच्या पोटातली माती सोबत घेऊन येतंय, आत बारीक वाट पडलीय आणि ती वाट बाहेरून आत पोखरत जाते, जितकी मोठी होईल तितकं पाणी जोरात, जितकं पाणी जोरात तितकी माती जास्त. वरून बांध जसाच्या तसा दिसतो. मग एखाद्या रात्री वरचा भाग खाली बसतो आणि तेव्हा हातात काही तास पण राहत नाहीत.

मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना फोन केला, ते म्हणे तलाव ग्रामपंचायतीचा नाही, आपली फक्त विहीर आणि पाइपलाइन. पंचायत समितीत गेलो तर म्हणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारेला विचारा. तिथे म्हणे 100 हेक्टर सिंचनापर्यंतचे आमच्याकडे, तुमचा त्याच्यावरचा आहे, जलसंधारणला जा. जलसंधारणवाले म्हणे आमच्याकडे हस्तांतरणच झालेलं नाही, यादीत नाव नाही. दोन दिवस गेले यात, दोन दिवस, आणि तिकडे माती वाहतेय! व्हिडिओ पाठवले, निळ्या टिक पडल्या, उत्तर नाही. अहो, धरण कुणाचं ते तुम्ही नंतर ठरवा ना, आधी कोणीतरी येऊन डोळ्याने बघून तर जा.

तिसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टर आला, सोबत कुठल्यातरी ठेकेदाराचा माणूस, इंजिनीअर नाही, कोणी नाही. त्याने काय केलं तर जिथून पाणी निघतंय तिथेच मुरूम ओतला, वर सिमेंटचं पोतं फोडलं आणि फोटो काढला. आबा ओरडत होते अरे असं करू नको, तो म्हणे वरून तसंच सांगितलंय. निघायचं तोंड बुजवलं म्हणजे आतलं पाणी थांबत नाही हो! ते आतल्या आत दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं, तसंच झालं, दुसऱ्या दिवशी सात-आठ फूट बाजूला नवीन ओल दिसली. अशा जागी आधी जाड वाळू टाकायची असते, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड, म्हणजे पाणी निघत राहतं आणि माती आत अडकते, शिवाय भोवती वाळूच्या गोण्यांचं रिंगण करून आत थोडं पाणी तुंबवायचं म्हणजे ओढ कमी होते. हे आबांना माहीत आहे, ते आठवी शिकलेले आहेत. आम्ही बारा-पंधरा जणांनी तो मुरूम उकरला आणि दिवस मावळेपर्यंत हे सगळं केलं, वाळू एकाच्या घराच्या बांधकामातली उचलली, त्या बिचाऱ्याने एक शब्द काढला नाही.

आता खरी संतापाची गोष्ट. अशा वेळी पहिलं काम काय, तर तलावाची पातळी खाली आणायची. त्यासाठी विमोचक असतो, म्हणजे बांधातून पाणी सोडायची मोरी, त्याचं गेट उघडलं की पाणी हळूहळू कमी होतं, बांधावरचा भार उतरतो. आमचं गेट जाम आहे. दांडा गंजलाय, चाक फिरत नाही, आबांच्या काळात दरवर्षी ग्रीस लागायचं आणि पावसाळ्याआधी एकदा पूर्ण उघडून बंद करून बघायचे, ते रिटायर झाल्यावर कोणी हात लावला नाही. आणि तेच गेट उन्हाळ्यात खालून गळतं! मे महिन्यात आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येतो, बाया वस्तीवरच्या हँडपंपावर रात्री दोनला नंबर लावतात, आणि इकडे तलावातलं राहिलेलं पाणी गेटच्या फटीतून नाल्यात जातं. पाणी पाहिजे तेव्हा राहत नाही, सोडायचं तेव्हा सुटत नाही. जलजीवन मिशनचा बोर्ड लागलाय, माणशी रोज 55 लिटर लिहिलंय, नळ पण नवे बसले, पण ज्या तलावातून ते पाणी येणार त्याच्या गेटला ग्रीससाठी शंभर रुपये कोणत्याच खात्यात नाहीत.

गावाला पण मी सोडणार नाही. बांधाच्या खालच्या उतारावर बाभळी मनगटाएवढ्या होत्या तेव्हा कोणी काढल्या नाहीत, आज मांडीएवढ्या झाल्यात, त्यांच्या मुळ्या आत गेल्या, मूळ कुजलं की तिथे नळीच तयार होते. घुशींची बिळं वेगळी. पाण्याच्या बाजूचं दगडी पिचिंग, म्हणजे लाटांनी माती धुपू नये म्हणून रचलेले दगड, लोकांनी गोठ्यासाठी, ओट्यासाठी नेलं, कोणी नेलं ते सगळ्यांना माहीत आहे. बांधाच्या पायथ्यालाच रात्री जेसीबी लावून मुरूम काढला. आणि सांडव्यावर, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी निघून जायच्या वाटेवर, काही वर्षांपूर्वी गावातल्या पुढाऱ्यांनी दोन फूट भिंत बांधली, का तर उन्हाळ्यात पाणी जास्त पुरेल, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांडवा म्हणजे तलावाचा जीव आहे रे भो! तो अडवला की पुराचं पाणी बांधाच्या माथ्याकडे चढतं, आणि मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहायला लागलं की काही उरत नाही. त्यात मासेवाल्याने सांडव्याला बारीक जाळी मारलीय, तिच्यात सगळा काडीकचरा अडकतो, मी तीन वेळा काढायला लावली, चौथ्यांदा परत बसली.

यांना 2 जुलै 2019 ची रात्र आठवत नाही का? चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, 23 माणसं वाहून गेली. तिथले लोक पण गळतीच्या तक्रारी आधीपासून करत होते, आणि फुटल्यावर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांमुळे फुटलं. खेकडे! समजा पोखरलं खेकड्यांनी, तर ती बिळं बघायचं काम कुणाचं होतं?

आणि 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे ना, तर तो पण आमच्या कामाचा नाही. त्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी आहे, आपत्कालीन आराखडा आहे, सगळं चांगलं आहे, पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काहींना, म्हणजे बांध 500 मीटर लांब पाहिजे किंवा साठा 10 लाख घनमीटर पाहिजे असं काहीतरी. आमचा 9 मीटरचा. वस्तीतली घरं बांधापासून दगड मारला तर पोचेल इतकी जवळ आहेत, त्यांना काय फरक पडतो हो उंचीने? भोंगा नाही, कुणाला फोन करायचा तो नंबर कुठे लिहिलेला नाही, रात्री पळायचं तर कोणत्या टेकडावर ते शाळेतल्या पोरांना कोणी सांगितलेलं नाही.

याच धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर पाटाच्या पाण्याची फड पद्धत तीनशे वर्षांच्या वर चालली. बंधारे, पाट, सगळं गावकरी सांभाळायचे, पाटकरी नेमलेला, जागल्या नेमलेला, त्यांना पिकातून वाटा मिळायचा. मोबाइल नव्हता, पण पाट फुटला तर कुणाला उठवायचं हे लहान पोराला माहीत होतं. आम्हाला एक माणूस द्या एवढंच मागतोय, एक चौकीदार, हातात वही, रोज बांधावरून एक चक्कर.

तोपर्यंत आमचं आम्ही करतोय. पाळ्या लावल्यात, रात्री दोघं दोघं बॅटरी घेऊन बांधाच्या पायाशी. आबांनी पाइपचा तुकडा लावून पाणी एका जागी आणलंय, त्याखाली बादली ठेवायची आणि किती सेकंदात भरते ते वहीत लिहायचं. पाणी आता थोडं नितळलंय, पण पहिल्या रात्री बादली 48 सेकंदात भरली, परवा 45, काल 41. आज माझी पाळी आहे, शिरपूरकडे आभाळ भरून आलंय, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया, लेकरं आजपासून झोपायला वरच्या मारुतीच्या देवळात पाठवतोय, शाळेत नाही, ती पण बांधाच्या खालीच आहे. साहेबांना परत मेसेज टाकलाय बादलीच्या फोटोसकट. अजून बघितलेला नाही.