धबधब्यात पाणी नव्हतं, या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार आबा,

बसमध्ये सगळेच तुम्हाला आबा म्हणत होते, म्हणून इथंही तेच म्हणतो. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि अर्ध्यात पुसून टाकलं, कारण त्यात माझा रागच जास्त होता. आज सकाळी ऑफिसचं शटर उघडलं, चहा घेतला आणि मग बसलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही जळगावहून २८ जणांचा ग्रुप श्रीलंकेला नेला होता. आबांचं म्हणणं असं: धबधब्यांची टूर म्हणून नेलं आणि धबधब्यात पाणीच नव्हतं, जिथं पाणी होतं तिथं उतरू दिलं नाही, वर आरडाओरडा केला, पहाटे चारला उठवून धुकं दाखवलं, देशातला सगळ्यात उंच धबधबा दाखवलाच नाही, चालून चालून गुडघे गेले, आणि ‘खान्देशी जेवण’ म्हणून भाकरी मिळाली दोनदाच.

पहिली गोष्ट पाण्याची. तिथं माझी चूक आहे आणि ती लपवून उपयोग नाही. आमच्या पत्रकावर रंबोडा धबधब्याचा जो फोटो आहे, पांढराशुभ्र, कड्यावरून सुटलेला, तो मी स्वतः काढलाय. पण जून महिन्यात काढलाय. तुम्ही तो फोटो हातात धरून फेब्रुवारीत रंबोडासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, “आठे काय देखानं? आमन्या मनुदेवीले यानापेक्षा जास्त पानी ऱ्हास!” मनुदेवी म्हणजे आपल्या सातपुड्यातला धबधबा. सगळी बस हसली. मीही हसलो, पण मनातून ते लागलं. १०९ मीटरच्या कड्यावरून दोन-चार दोऱ्या लोंबाव्यात तसं पाणी होतं.

असं का झालं, ते मी निघायच्या आधी सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. श्रीलंकेच्या मधोमध डोंगर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना वेगवेगळा पाऊस पडतो. पश्चिमेच्या अंगाला मे ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याच मोसमी वाऱ्यांचा. पूर्वेच्या अंगाला साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, ईशान्येकडून येणारा. आपल्या माणसाला हे समजावायला नकाशा लागत नाही. नवापूरला धो धो कोसळतो आणि अमळनेरला नुसते ढग बघून घ्यायचे, हे आपण जन्मभर बघतोय. रंबोडा, डेव्हन, सेंट क्लेअर हे पश्चिमेच्या अंगाचे. फेब्रुवारीत ते सुकलेलेच असतात. दुनहिंदा पूर्वेकडचा, बदुल्लाजवळचा. तिथं पाणी होतं, तुषारांनी तुमचा चष्मा भिजला होता, आणि ते तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंयसुद्धा. त्याबद्दल आभार. रागातही खरं लिहिणारी माणसं कमी असतात.

तारीख ग्रुपनंच मागितली होती, हे खरं. लग्नसराईच्या आधी आणि पोरांच्या परीक्षांच्या आधी, असं ठरलं होतं. पण गिऱ्हाईक तारीख मागतं तेव्हा “या तारखेला हे दिसेल आणि हे दिसणार नाही” एवढं सांगणं दुकानदाराचं काम. मी नुसती ‘हो’ म्हटली, कारण बुकिंग भरत होतं. बस, यापुढं काही बोलण्यासारखं नाही.

सेंट क्लेअरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथं “तुमच्या पत्रकात ८० मीटर लिहिलंय, इथं तर ओला खडक आहे” असं तुम्ही म्हणालात. खडक ओलाच होता. त्या धबधब्याचं पाणी वरच्या अंगाला तलावाकेलेला अडवलंय. अपर कोतमाले नावाचा १५० मेगावॅटचा वीज प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. पाणी बोगद्यातून वीजघराकडं जातं आणि धबधब्यासाठी दिवसा ठरावीक वेळेत सोडतात. तो प्रकल्प व्हायच्या आधी तिथं लोकांनी धबधब्यासाठी बराच विरोध केला होता. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले तर तापी, नाहीतर वाळू, अशीच आपली नदी. पण आपण सेंट क्लेअरला पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. कॅंडीत खरेदीला दोन तास जादा गेले आणि मी कुणाला उठवलं नाही. हे माझ्याच खात्यात लिहा. त्याच रस्त्यावरचा ९७ मीटरचा डेव्हन अंधुक उजेडात का होईना, दिसला.

आता रावणा फॉल्स. इथं मी एक शब्दही मागं घेणार नाही.

एल्लाहून वेल्लवायाकडं जाताना रस्त्याच्या कडेलाच तो धबधबा आहे. उंची जेमतेम २५ मीटर. रावणाचं नाव असल्यानं आपल्या लोकांना तिथं उतरल्याशिवाय चैन पडत नाही. माकडं, रंगीत दगड विकणारी पोरं, कणसंवाली बाई, सगळी जत्रा. पाणी कमी असल्यानं मधला खडक उघडा पडला होता आणि तो सपाट, सोपा दिसत होता. तुम्ही धोतराचा काचा मारला आणि म्हणालात, “मी गिरणेत पोहत मोठा झालोय.” आबा, मीही तापीत पोहायला शिकलो. म्हणूनच सांगतो. नदीचा तळ वाळूचा असतो, पाय रुततो. तिथला खडक शेवाळाचा, पाय निसटतो, आणि खालच्या डोहाचा अंदाज वरून येत नाही. डोंगरात वर कुठं पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं. त्या ठिकाणी माणसं बुडालेली आहेत, धोक्याची पाटी लावलेली आहे. तुम्ही पाटी वाचली आणि म्हणालात, ही पर्यटकांसाठी आहे. मग आपण कोण होतो?

टूरवर आमच्याकडं कामाला असलेल्या पोरानं तुमचा हात धरून मागं ओढलं आणि आवाज चढवला. चारचौघांत, तुमच्या नातवासमोर. वडीलधाऱ्या माणसाशी तसं बोलायला नको होतं. त्यानं तुमची माफी मागितली, आज मीही मागतो. पण हात धरल्याबद्दल नाही. उद्या पुन्हा तुम्ही उतरलात तर तो पुन्हा धरेल. श्रावणात आपल्या सातपुड्यातल्या धबधब्यांवर काय काय होतं, ते तुम्हीही पेपरात वाचता.

दियालुमाचंही तेच. २२० मीटरचा धबधबा आपण खालून, रस्त्यावरून बघितला. वर कड्याच्या तोंडाशी नैसर्गिक कुंडं आहेत, तिथं नेणार असं पत्रकात होतं. त्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि तिथल्या माणसानं वर जाऊ नका म्हटलं. मी ऐकलं. त्या फेरीचे जे पैसे माणशी घेतले होते ते २८ जणांना परत करतोय. खरं तर आल्या आल्या करायला हवे होते.

सगळ्यात उंच धबधबा म्हणजे बंबरकंदा, २६३ मीटर. तो पत्रकात नव्हताच, आबा. मोठी बस तिथपर्यंत जात नाही, खालच्या गावातून रिक्षा कराव्या लागतात. २८ माणसं रिक्षात घालून घाटात न्यायची माझी हिंमत नाही.

आता हॉर्टन प्लेन्सचं, म्हणजे नुवारा एलियाजवळच्या राष्ट्रीय उद्यानातलं धुकं. मैदान दोन हजार मीटरच्या वर आहे, वर्ल्ड्स एंडचा कडा आठशे मीटरहून जास्त खोल, आणि साधारण नऊ-दहा वाजले की खालून ढग वर येतात आणि पडदा पडतो. म्हणून चारला उठवतात, हौस म्हणून नाही. तुम्ही सगळे वेळेवर खाली आला होता. नुवारा एलियाच्या त्या थंडीत, जिथं भुसावळच्या ४५ डिग्रीची सवय असलेली माणसं मफलर, स्वेटर आणि वर हॉटेलची चादर गुंडाळून उभी होती, तिथं हॉटेलनं नाश्त्याची पाकिटं उशिरा दिली. पाऊण तास गेला. मी पाकिटं सोडून निघायला हवं होतं. कड्यावर पोचलो तेव्हा समोर पांढरी भिंत होती. परतीच्या वाटेवरचा बेकर्स फॉल बघितला, पण नऊ किलोमीटरच्या चालीनंतर वीस मीटरच्या धबधब्याचं कुणाला काय कौतुक असणार.

गेटवर तुमच्या शेवेच्या आणि चिवड्याच्या प्लॅस्टिक पिशव्या काढून घेतल्या, त्याचाही राग तुम्ही लिहिलाय. तिथं प्लॅस्टिक पिशवी आत नेऊच देत नाहीत, सगळ्यांचीच झडती घेतात. नियम चांगला आहे. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला असा नियम लागू केला तर तिथल्या केदारकुंड धबधब्याच्या वाटेवर वेफरची पाकिटं तुडवत जावं लागणार नाही. पण शेव डब्यात भरा, एवढं आदल्या रात्री सांगायला काय जात होतं माझं? शेव कागदात बांधून दिली आणि ती अर्ध्या वाटेत दवानं मऊ पडली, हे दुःख मी समजू शकतो.

भाकरीचं म्हणाल तर आमच्या आचाऱ्यानं कळण्याचं पीठ नेलं होतं, ते दोनच दिवस पुरलं. भरतासाठी वांगी कॅंडीच्या बाजारात मिळाली, पण ती आपली जळगावची नव्हेत. भाजली आणि आत नुसत्या बिया. मग भात, परिप्पू म्हणजे तिथली डाळ, आणि संबोल म्हणजे नारळाची चटणी. पोरांनी नारळाची पोल रोटी आवडीनं खाल्ली, मोठ्यांनी तोंडं वाकडी केली. पत्रकातून ‘खान्देशी जेवण’ हे शब्द काढतोय. ‘दोन वेळा खान्देशी, बाकी तिथलं’ असं लिहीन.

गुडघ्यांबद्दल मनापासून वाईट वाटतं. दुनहिंदाला किलोमीटरभराहून जास्त चालावं लागतं, परतताना चढ लागतो, हे फोनवर विचारणाऱ्यांना सांगितलं होतं, पण छापलेलं नव्हतं. आता प्रत्येक ठिकाणापुढं चाल किती आणि चढ कसा ते छापतोय.

एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत आली नाही, ती मी लिहितो. डेमोदराच्या नऊ कमानींच्या पुलावर आपण गाडीची वाट बघत होतो, तेव्हा ग्रुपमधले भुसावळचे निवृत्त रेल्वेवाले काका पोरांना समजावत होते, की १९२१ चा हा पूल लोखंडाशिवाय, दगड-विटांवर उभा कसा राहतो. तुम्ही नातवाला खांद्यावर घेऊन ऐकत होता. गाडी आली आणि सगळ्यात मोठ्यांदा शिट्टी तुम्ही मारली. त्याचा व्हिडिओ माझ्याकडं आहे, पाठवतो.

दोन स्टार तसेच ठेवा, बदलायला सांगणार नाही. नवीन पत्रक शनिवारी छापायला जातंय. प्रत्येक फोटोखाली तो कुठल्या महिन्यातला ते लिहिलंय, आणि रंबोडाचा फेब्रुवारीतला फोटोही टाकलाय, तुमच्याच मोबाइलवरून आलेला. तो छापायला तुमची परवानगी हवी. शुक्रवारी जळगावला येणार असाल तर ऑफिसात या. नाही तर मीच अमळनेरला येतो.