चांगुलपणाचा अर्ज कोण भरणार

परवा सकाळी इथं अमेरिकेत मुलीचा डबा भरत होतो तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळ. ताई साताऱ्याकडच्या झेडपी शाळेत शिकवते, बावीस वर्षं झाली. तिच्या हेडमास्तरांनी मागे लागून तिला पुरस्काराचा फॉर्म भरायला लावलाय आणि ती फोटो गोळा करतेय. कसले फोटो तर स्वतःचेच, झाड लावताना, मुलाला वाचून दाखवताना, पालकांशी बोलताना. म्हणाली, "अरे मी शिकवत असताना माझा फोटो कोण काढणार? आता परत सगळं करून दाखवायचं."

मी हसलो, पण मला ते कसंतरीच वाटलं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहेत, आधी राज्य सरकारांकडून नावं जायची, २०१८ पासून शिक्षकानं स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा आणि सोबत कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ जोडायचे. म्हणजे मी किती चांगला आहे हे मीच लिहायचं, मीच सिद्ध करायचं. मी तावातावानं म्हणलं, हे काय ताई, दुसऱ्यानं सुचवायला पाहिजे ना, आमच्याकडे बघ. तर ती म्हणे, "सुचवणार कोण? साहेबांना सांगितलं तर सभापतींच्या मेहुण्याचं नाव जाईल. त्यापेक्षा हे बरं, निदान माझं मी लिहिते."

या उत्तरावर माझ्याकडे काही नव्हतं. तिचं बरोबरच आहे.

तरी आमच्याकडे काय होतं ते सांगतो. न्यू जर्सीतल्या मुलीच्या शाळेत २ ऑक्टोबरला कस्टोडियन डे असतो, अमेरिकेत बऱ्याच शाळांत असतो, म्हणजे झाडलोट, दुरुस्ती, बाथरूमची सफाई करणाऱ्या माणसाचा दिवस. (हो, गांधीजयंतीच. हा योगायोग आहे, इथं कुणाला माहीतही नाही.) आपल्याकडे त्या दिवशी पोरांच्या हातात झाडू देऊन फोटो काढतात, इथं झाडणाऱ्याला कार्डं देतात. मला हे आधी दिखाऊ वाटलं होतं, पण मग मुलीच्या वर्गातल्या एकानं काय लिहिलं ते वाचलं. त्याचा दात डबा खाताना पडला आणि टिश्यूबरोबर कचऱ्यात गेला, तर त्या काकांनी अख्खी पिशवी उपसून तो शोधून दिला. कार्डावर एवढंच, माझा दात शोधल्याबद्दल थँक्यू. आता ही गोष्ट कुठल्या अर्जात बसली असती सांगा. काकांना स्वतःला तरी लिहावीशी वाटली असती का? ज्याचा दात होता त्यानंच लिहिली म्हणून ती कळली.

इथं शिक्षक सोडून बाकीच्यांसाठी, म्हणजे बस ड्रायव्हर, किचनवाल्या बायका, ऑफिसमधले क्लार्क, वर्गातले मदतनीस यांच्यासाठी २०१९ साली कायदा करून वेगळा राष्ट्रीय पुरस्कार सुरू केलाय, राज्यांचे गव्हर्नर नावं पाठवतात. मला ते आवडतं. पण लगेच हुरळून जाऊ नका, कारण याच मदतनीसांना खूप ठिकाणी तासावर पैसे मिळतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. कौतुकाच्या आठवड्यात डोनटचा खोका आणि जूनपासून दुसरी नोकरी शोधा. ह्यात आपण आणि हे सारखेच. आपल्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंचं केंद्रानं ठरवलेलं मानधन २००९ पासून महिना १००० रुपये, तेही वर्षाचे दहाच महिने, महाराष्ट्रानं भर घालून ते २५०० पर्यंत नेलं. आणि डिसेंबर २०२० च्या जीआरनं खासगी अनुदानित शाळांतली शिपायाची पदं भरायचंच बंद करून भत्ता ठरवला, ग्रामीण भागात एका पदामागे महिना ५०००. त्यात शिपाईमामा येणार कुठून.

मामा. हा शब्द मला फार आवडतो, इथल्या मिस्टर अमुक मिस्टर तमुकपेक्षा कितीतरी जवळचा. आमच्या शाळेतले मामा घंटा वाजवायचे, सायकलची चेन बसवून द्यायचे, उलटी झालेल्या पोराला घरी सोडून यायचे. पण मामा म्हणलं की हक्क आला, आणि घरच्या माणसाला कोण थँक्यू म्हणतं? आमच्यापैकी कुणी कधी म्हणलं नाही. रिटायर झाले तेव्हा शाल आणि नारळ दिला आणि तीन पाहुण्यांनी भाषणं केली, त्यातल्या एकालाही मामांनी काय काय केलं ते माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते आम्ही खाली सतरंजीवर बसलेलो.

इथलं एक मात्र मला अजिबात पटत नाही आणि ते आपल्याकडच्या इंग्रजी शाळांनी उचलू नये असं मनापासून वाटतं. मुलांनी चांगलं वागलं की चिठ्ठी मिळते, दहा चिठ्ठ्या झाल्या की खेळणं. एकदा माझी मुलगी रडत घरी आली. का, तर तिनं एकीचं सांडलेलं कंपासपेटीतलं सगळं उचलून दिलं आणि टीचरनी बघितलंच नाही! २००८ साली वार्नेकेन आणि टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला होता, वीस महिन्यांच्या बाळांवरचा. मदत केल्यावर ज्यांना खेळणं दिलं ती बाळं पुढच्या वेळी कमी मदत करायला लागली, ज्यांना नुसतं शाबास म्हणलं किंवा काहीच दिलं नाही ती करतच राहिली. माझ्या घरातलं बाळ आता सात वर्षांचं आहे, पण मदत करायच्या आधी टीचर बघतायत का हे बघायला ते शिकलंय.

हे सगळं ताईला सांगत होतो तर मुलगीच मध्ये घुसली आणि विचारलं, "आत्या, तुमच्या शाळेत दात पडला की कोण शोधतं?"

"शोधायचा कशाला? आमच्याकडे कौलावर फेकतात. पोरांचा दात तिथपर्यंत जात नाही ना, मग किचनच्या मावशी येतात हात पुसत आणि फेकून देतात. गेल्या आठवड्यात दोघांचे फेकले."

मी म्हणलं ताई, हे लिही ना त्या अर्जात.

ताई फॉर्म वरखाली करत राहिली बराच वेळ. मग म्हणाली, "कुठल्या रकान्यात लिहू?"