कळ दाबली, तर चिन्ह उमटलेच पाहिजे

अवतरणचिन्हाची कळ दाबावी तर पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि पुढे इंग्रजी ‘ई’ टंकताच तिच्या डोक्यावर फ्रेंच स्वरचिन्ह चढून बसते, हे किती दिवस सोसायचे? मी फ्रेंच मागितले होते का? संगणकाच्या कळफलकाच्या ‘यूएस-इंटरनॅशनल’ मांडणीत एकेरी-दुहेरी अवतरण, टिल्ड (~), कॅरेट (^) आणि ग्रेव्ह (`) ही पाचही चिन्हे पुढच्या कळीची वाट पाहत मुकी राहतात. प्रत्येक वेळी स्पेसबार दाबून त्यांना बोलते करायचे! प्रोग्रॅम लिहिताना ओळीओळीला हेच, आणि पासवर्ड टंकताना तर चूक दिसतही नाही. विंडोजच्या भाषा-सेटिंग्जमध्ये साधी ‘यूएस’ मांडणी जोडून ही ‘इंटरनॅशनल’ काढून टाकली, तेव्हा कुठे कळफलक ताब्यात आला.