चौथी कॉर्ड

लोकप्रिय संगीतातील असंख्य गाणी अवघ्या चार कॉर्डांवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या चार जुड्यांवर, उभी आहेत, असे माझ्या वाचनात आले आणि माझी झोप उडाली. ज्यांना मी इतकी वर्षे थोर मानत आलो, ते एवढ्याच भांडवलावर चाली लावत असतील, तर मीच मागे का राहावे? सी, जी, ए मायनर आणि एफ. म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत सीला षड्ज मानले तर षड्ज, पंचम, धैवत आणि मध्यम यांवरच्या कॉर्ड. गिटार घरात होतीच. मुलाने ती तीन महिने वाजवून कपाटावर चढवून ठेवली होती.

पहिल्या तिन्ही कॉर्ड पंधरा दिवसांत हाती आल्या. बोटांना घट्टे पडले आणि ते मी पदके दाखवावीत तसे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. एफने मात्र माझा अंत पाहिला. तिच्यासाठी तर्जनी पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी निजवायची, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर टेकवायचे, पाचव्या आणि चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर अनामिका आणि करंगळी दाटीवाटीने बसवायच्या, आणि एवढे सगळे करून चेहरा गाणाऱ्याचा ठेवायचा. माझ्या तर्जनीच्या पेराला जी घडी आहे, तिच्यात दुसरी तार नेमकी जाऊन लपे आणि सुराऐवजी ‘टक्’ एवढाच आवाज निघे. “अहो, दार वाजतंय, बघा जरा,” असे हिने आतून सांगितल्यावर मी दोनदा जाऊन दार उघडूनही आलो आहे.

गिटार वाजवणाऱ्या एका मित्राने पळवाट सुचवली: पट्टीच बदलायची. जीला षड्ज मानले की त्याच क्रमाने जी, डी, ई मायनर आणि सी एवढ्याच कॉर्ड लागतात. एफचे नावही नाही. सल्ला शास्त्रशुद्ध होता, पण माझ्या गळ्याला कोणी विचारले नव्हते. चाल वर नेली तर आवाज फाटे आणि खाली आणली तर नुसता श्वास ऐकू येई. मग त्यानेच पाचव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, आवळून दिला. बोटे जीच्या पट्टीत आणि सूर सीच्या पट्टीत, अशी सोय झाली खरी. पण गिटारचा सगळा भरदारपणा जाऊन ती खेळण्यातल्यासारखी किणकिणू लागली. मी मुकाट्याने एफच्या दारी परतलो.

शब्दांचे काम त्या मानाने सोपे गेले. मेजर कॉर्डमधला शुद्ध गंधार अर्धा स्वर उतरवून कोमल केला की कॉर्ड मायनर होते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. कंपनसंख्येत जेमतेम ६ टक्क्यांचा फरक, पण तेवढ्यात मीलनाचा विरह होतो. म्हणून मी विरहगीतच रचायला घेतले. ‘तू गेल्यावर घर हे सुने’ ही ओळ मी अशी बसवली, की ‘सुने’ बरोबर ए मायनरवर पडावे आणि त्यापुढच्या ‘उणे’ला एफ यावी.

“मी कुठं गेले होते?” हिने विचारले. मी कवितेतील ‘तू’चे स्वरूप समजावू लागलो, तोच ती म्हणाली, “शब्द राहू द्या, पण चाल कुठंतरी ऐकलीय हं मी.”

त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नाही. ‘बीटल्स’ या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनी यांना ‘यस्टरडे’ या गाण्याची चाल स्वप्नात सुचली, तेव्हा ती दुसऱ्या कोणाची तर नसेल ना, या धास्तीने ते कितीतरी दिवस लोकांना विचारत फिरले आणि तोवर तिच्यावर चक्क अंड्यांच्या भुर्जीचे शब्द गात राहिले. त्यांचेच सहकारी जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल जुन्या गाण्यावरून नकळत उचललेली आहे, असा निकाल अमेरिकेतील न्यायालयाने १९७६ साली दिला. नकळत! म्हणजे माणूस प्रामाणिक असूनही चोर ठरू शकतो. चार कॉर्डांचा क्रम कोणाच्याच मालकीचा नसतो, पण त्यांच्यावर चालणारी चाल असते, आणि मला सुचलेली प्रत्येक चाल कोणाच्या ना कोणाच्या अंगणातून आल्यासारखी वाटू लागली. एक स्वर बदलला की दुसरेच गाणे आठवे, दोन बदलले की तिसरे. शेवटी मी गिटार कपाटावर ठेवून दिली.

आठवड्याने ही कपड्यांच्या घड्या घालत तीच चाल गुणगुणताना मला ऐकू आली. ‘सुने’पर्यंत सरळ आली, मग क्षणभर थांबली, आणि मगच तिने ‘उणे’ म्हटले. पुढच्या फेरीलाही तिथेच थांबली. माझ्या तर्जनीला आडवे व्हायला जेवढा वेळ लागतो, अगदी तेवढीच.

“मध्येच का थांबतेस?” मी विचारले.

“अहो, चालच तशी आहे,” ती म्हणाली. “तेवढंच मी आधी कुठं ऐकलेलं नाही.”

मी स्टूल आणायला गेलो.