बेटावरचं घर आधी हुंगायचं, मग उघडायचं

सकाळपासून चौघांनी एकच व्हिडिओ पाठवला. बेटाच्या धक्क्याला लाँच लागते, आठ महिने परदेशात राहिलेला माणूस सॅक सावरत उडी मारतो, वाळूतून धावत घरी येतो. दार एका ढकलण्यात उघडतं, खिडक्या सताड. मग गिझर, मग शॉवर, मग ओल्या केसांनी समुद्राकडे बघत पाय पसरून बसणं. मागे बासरी, खाली बदामांच्या इमोजींचा पाऊस.

बेटावरचं घर महिनोन्महिने बंद ठेवून परतलेल्या कुणालाही विचारा, पहिला प्रश्न हाच येईल: दार उघडलं कसं?

खाऱ्या वाऱ्यात आठ महिने लटकलेलं कुलूप एका फिरकीत उघडत नाही. मीठ नुसतं बसून राहत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः ओलं होतं, म्हणजे पाऊस नसतानाही लोखंड आणि पितळ खाऱ्या पाण्यात भिजतच असतं. लोक जाताना कुलपात तेल सोडतात. तेलाला वाळू आणि मीठ चिकटतं आणि आत राबडी होते. कुलपात ग्राफाइटची पूड घालायची आणि बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायची. तेल बिजागऱ्यांना. आणि दार ओलीने फुगलेलं असेल तर खांद्याने धडका मारू नका, चौकट निघते. खालच्या कोपऱ्याशी पाय लावून, कडी वर उचलत ढकलायचं.

बरं, उघडलं. आता थांबा. हे लिहिताना राग जरा उतरतो, कारण परतण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे आणि नेमकी तीच त्या व्हिडिओत नाही. आपल्या घराचा वास आपल्याला एरवी कधीच येत नाही, नाक काही मिनिटांत सरावतं. महिन्यांनी परतल्यावर तेवढी काही मिनिटं तो येतो: लाकूड, जुनी पुस्तकं, समुद्र. तो अर्धा मिनिट उंबऱ्यावर उभं राहून घ्या. खिडकी उघडू नका, उदबत्ती लावू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

कारण घराला काय झालंय हेही तेव्हाच कळतं. कुबट वास म्हणजे बुरशी, बहुतेक गादीत किंवा कपाटामागे. गटाराचा वास म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलंय. ते पाणीच गटार आणि घर यांच्यातली बूच असते, ते उडालं की वास येतो आणि झुरळंही. एक बादली पाणी ओतलं की काम झालं. (जाताना त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडलं असतं तर ते इतक्या लवकर उडालंच नसतं.) आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून वाकून हुंगायचं. आला, तर ना बटण, ना काडी, ना मोबाइल. दारं उघडी टाकून बाहेर.

व्हिडिओतला गडी मात्र धावत आत गेला आणि पहिलं बटण दाबलं ते गिझरचं.

वीज अशी चालू करतात का? आधी सगळे एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे छोटे स्विच, खाली. मग मेन चालू. मग ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, वर करून त्याचं टेस्टचं बटण दाबायचं. पडला तर तो जिवंत आहे, नाही पडला तर तुमचा जीव त्याच्यावर सोपवू नका. मग एकेक एमसीबी वर. एखाद्या सर्किटला ईएलसीबी पडत असेल तर बहुतेक बाहेरच्या दिव्यात किंवा पंपाच्या जोडणीत मीठ आणि ओल शिरलीय. ते सर्किट बंद ठेवा आणि बाकीच्यावर रात्र काढा. ईएलसीबी पुन्हापुन्हा वर ढकलणारे महाभाग असतात, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

गिझर तर सगळ्यात शेवटी. टाकी रिकामी असताना बटण दाबलं तर कॉइल गेलीच, आणि बेटावर नवी कॉइल पुढच्या बोटीने येते. गरम पाण्याचा नळ उघडा. आधी फुसफुस करत हवा येते, मग लालसर पाणी, मग साधं. धार सलग झाली की बटण.

आणि शॉवर! तो नळाचं पाणी ओंजळीने प्यायला, तेही चूकच, पण काळजी त्याच्या शॉवरची जास्त वाटली. पाइपात महिने साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. २० ते ४५ अंश सेल्सिअस हे त्यांचं आवडतं तापमान, म्हणजे उष्ण बेटावर बारा महिने. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ पसरली, त्यावरून हे नाव पडलं. ते सहसा पिण्यातून लागत नाहीत, तुषारांतून फुप्फुसात जातात. म्हणून शॉवरचं तोंड काढून ठेवा किंवा बादलीतल्या पाण्यात बुडवा, खिडकी उघडी ठेवा, पाच मिनिटं पाणी वाहू द्या आणि तुम्ही बाहेर उभे राहा. गिझरचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवून तेही त्याच पाइपातून सोडा. मग करा अंघोळ, हवी तितकी. हो, मान्य, दर वेळी कुणी आजारी पडत नाही. पण पाच मिनिटंच तर आहेत.

"एवढं पाणी वाया?" असं कुणी विचारेल. बेटावर गोडं पाणी मोजून असतं, प्रश्न रास्त आहे. बादलीत धरा आणि फरशी पुसा, तीही करायचीच आहे. पाण्याच्या टाकीचंही तसंच. ती भरून क्लोरिन घालून ओतून देण्याइतकं पाणी नसतं. तळाला २० लिटर ठेवा, त्यात पाच टक्केवालं ब्लीच ५० मिली, लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासा, अर्धा तास थांबा, काढून टाका, दोनदा थोड्या पाण्याने खंगाळा. ब्लीचमध्ये फरशीचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि बंद टाकीत एकट्याने उतरू नका.

खिडक्यांचं बोलायचं राहिलं. तो संध्याकाळी पोचला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. बंद घराच्या फरशा आणि भिंती गार असतात. बाहेरची उबदार, दमट हवा आत आली की त्यांना घाम सुटतो, आणि बुरशीला तेच हवं असतं. ऊन वर आलं की हवा कोरडी होते, तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या. बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नका, घरभर उडेल. मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओली पुसा. आणि ते ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे दोन महिन्यांत भरून जातात, पुढचे सहा महिने नुसतं खारं पाणी सांभाळत बसतात. सांडले तर खालचं लाकूड नासतं. त्यापेक्षा गाद्या उभ्या करून जा, कपाटांची दारं उघडी ठेवा आणि फर्निचर भिंतीपासून चार बोटं लांब.

फ्रिजही रिकामा, बंद, आणि दारात फडक्याची घडी अडकवलेला हवा. चालूच ठेवायचा असेल तर कपभर पाण्याचा बर्फ करा आणि त्यावर नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मध्ये बराच काळ वीज गेली होती, आतलं सगळं फेका. बेटावरची वीज बहुतेक समुद्राखालच्या केबलने येते नाहीतर डिझेलच्या जनरेटरवर चालते. ती जातेच.

आता कुणी म्हणेल, शेजाऱ्याकडे किल्ली ठेव, एवढं कशाला. बरोबर आहे. पंधरा दिवसांनी एकदा नळ सोडणारा आणि दुपारी खिडकी उघडणारा शेजारी असेल तर वरचं निम्मं पुसून टाका. त्याच्यासाठी येताना काहीतरी आणा म्हणजे झालं.

एक गोष्ट त्या व्हिडिओत खरी होती, ती म्हणजे धक्क्यावरची उडी. पण तिथे वेळेवर पोचणं हेही कामच आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे गेलात त्या दिवसाचं बोटीचं वेळापत्रक डोक्यात धरून आलात तर धक्क्याला पाणीच नसेल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी फार खोल जाते, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो, तेव्हा तिचा इतका त्रास नाही. वारा असेल तर बोट रद्द, म्हणून विमान आणि बोट यांच्यात एक मोकळा दिवस ठेवा. घराची किल्ली, टॉर्च, औषधं, दोन लिटर पाणी आणि एका वेळचं खाणं हातातल्या पिशवीत. किल्ली मोठ्या बॅगेत टाकून बॅग दुसऱ्या विमानाने आली तर उंबऱ्यावर बसून कुलपाकडे बघत राहायचं.

आणि कितीही मोह झाला तरी पहिल्या दिवशी छतावर चढू नका. झोप अजून मागच्या देशाच्या घड्याळावर असते, शिडीला ते कळत नाही. कौलं उद्या बघा. आज फक्त एक खोली, एक नळ, एक दिवा आणि एक कोरडी गादी. एवढं जमलं की त्या गड्यासारखे पाय पसरून बसा, समुद्राकडे बघत. बासरी नसेल, पंपाचा आवाज असेल.