डाळिंबाच्या सालीचं पाणी आणि नायटा : माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

मार्केट यार्डाजवळच्या ज्यूसवाल्यांकडे डाळिंबाच्या सालींची पोती फेकली जातात आणि त्यांपासून 'कुठलीही बुरशी' रोखणारा अर्क काढता येतो, असं मी मागे लिहिलं होतं. आता तेच माझ्या नावानं असं फिरतंय: 'साली उकळून पाणी लावा, नायटा तीन दिवसांत गायब, डॉक्टरची गरज नाही.' हे मी लिहिलेलं नाही. पण 'कुठलीही बुरशी' हे शब्द माझेच होते. ती चूक माझी.

सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिन्स (तुरट द्रव्यं) भरपूर असतात, हे खरं. अर्कानं प्रयोगशाळेत आणि साठवलेल्या फळांवर पेनिसिलियम, बोट्रायटिस या बुरशींची वाढ रोखल्याचे अभ्यास आहेत. पण तो अर्क साल वाळवून, दळून, बहुधा पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात काढतात. मग गाळून, आटवून त्याची तीव्रता मोजतात. आपल्या पातेल्यातल्या पाण्याची तीव्रता कोण मोजणार? मी ओट्यावर ठेवलेल्या त्या पाण्यावर तिसऱ्या दिवशी पांढरा तवंग आला. बुरशीच!

शिवाय संत्र्यावरची बुरशी वेगळी, नायट्याची वेगळी. नायट्याची बुरशी त्वचेतल्या केराटिन या प्रथिनावर जगते, उपचाराला आठवडे लागतात, आणि भारतात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटाही पसरलाय. अशात घरगुती पाण्यावर दिवस घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मूळ पोस्ट मी दुरुस्त केली आहे. तो मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.