कचरा आपण वेगळा करायचा आणि गाडीने तो परत एकत्र करायचा?

पर्यावरण दिन आला की तेच मेसेज फिरायला लागतात. नळ बंद करा, लाईट बंद करा, कापडी पिशवी घ्या, एक झाड लावा. चुकीचं काहीच नाहीये त्यात, मी पण हे सगळं करते, पण मला दर वेळी प्रश्न पडतो की यात शहर कुठंय? रस्ते, बस, ड्रेनेज, कचऱ्याची गाडी, बजेट, यातल्या कशाबद्दलच कोणी बोलत नाही. सगळा भार माणसांच्या सवयींवर टाकायचा आणि त्या सवयी टिकतील अशी सोयच करायची नाही, हे मला अजिबात पटत नाही.

कचऱ्याचंच घ्या ना. घरात दोन डबे, ओला वेगळा सुका वेगळा, प्लास्टिक धुवून वाळवून ठेवलेलं, सगळं अगदी मनापासून. मग गाडी येते आणि दोन्ही डबे एकाच तोंडात उपडे होतात, वरून ते दाबलं पण जातं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढच्या आठवड्यापासून अर्धी बिल्डिंग वेगळं करणं सोडून देते, आणि त्यांना नावं तरी कशी ठेवणार. बरं, हा नुसता वासाचा आणि घाणीचा प्रश्न नाहीये. ओला कचरा डंपिंगवर ढिगाखाली गाडला गेला की आत हवा पोचत नाही, मग तो बिनहवेचा कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो, जो वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवतो. डंपिंगला आगी लागतात आणि दिवसेंदिवस विझत नाहीत त्याच्यामागे पण हाच गॅस असतो. आणि तोच कचरा वेगळा राहिला, खालीवर करून हवा मिळाली, तर त्याचं चक्क खत होतं. म्हणजे सगळा फरक त्या गाडीत पडतो.

दक्षिण कोरियाने 2005 मध्ये उरलंसुरलं अन्न डंपिंगवर टाकायलाच बंदी घातली आणि 2013 पासून जितका टाकाल तितके पैसे भरा अशी पद्धत आणली. सोलमधल्या कित्येक सोसायट्यांमध्ये डब्याला कार्ड लावलं की झाकण उघडतं, कचऱ्याचं वजन होतं आणि त्याप्रमाणे बिल येतं. तिथली माणसं काही जन्मतःच शिस्तीची नव्हती हो, आधी सोय झाली, नियम झाला, आणि मग सवय लागली.

पण मग सगळं पालिकेवर ढकलून आपण मोकळे, असंही मला म्हणायचं नाहीये. आज ज्या नेदरलँड्सच्या सायकल ट्रॅकचे फोटो आपण शेअर करतो तिथे 1971 साली रस्ते अपघातात 400 हून जास्त लहान मुलं गेली होती, एका वर्षात! त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले, मुलांची हत्या थांबवा म्हणून आंदोलन केलं, तेव्हा कुठे हळूहळू रस्ते बदलायला लागले. कोणी आपणहून आणून दिलं नाही ते. स्टॉकहोमचं उलटं झालं, तिथे 2006 मध्ये शहरात येणाऱ्या गाड्यांवर काही महिने टॅक्स लावून बघितला, आधी बहुतेक लोक विरोधातच होते, पण ट्रॅफिक साधारण 20 टक्क्यांनी कमी झालं, ते लोकांनी स्वतः अनुभवलं आणि मग मतदान घेतलं तर बाजूने कौल आला. पुढच्या वर्षी टॅक्स कायमचा झाला. अशी ट्रायल घ्यायची हिंमत शहराने दाखवायला पाहिजे आणि आपणही आधीच बोंबलत न बसता ती होऊ द्यायला पाहिजे.

झाडांबद्दल तर बोलायलाच नको. नवीन रोपं लावतानाचे फोटो निघतात, आणि तिकडे फूटपाथ करताना जुन्या डेरेदार झाडाच्या बुंध्याला चिकटून काँक्रीट ओततात, एक इंच माती दिसत नाही, मुळांना ना पाणी ना हवा. मग ते झाड आतून वाळत जातं आणि एखाद्या वादळात पडलं की म्हणायचं झाड जुनं होतं!! जुन्या झाडाची सावली द्यायला रोपाला कित्येक वर्षं लागतात, तीही जगलं तर. त्यामुळे काम चालू असतानाच तिथे जाऊन बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा म्हणून सांगायचं, फोटो काढून लेखी तक्रार द्यायची. एकदा काँक्रीट वाळलं की कोणी फोडत नाही.

मी तर म्हणते आपल्या भागापुरता एकच प्रश्न धरायचा आणि सोडायचा नाही. कचऱ्याचाच धरला तर, गाडीत दोन कप्पे आहेत का, असले तर ओला कचरा नक्की कुठल्या प्लांटवर जातो, रोज किती जातो, आणि तो प्लांट खरंच चालू आहे का. हे शेजारच्या चार-पाच जणांच्या सह्या घेऊन लेखी विचारायचं आणि उत्तर पण लेखीच मागायचं. आणि ते येईपर्यंत घरातले दोन डबे चालूच ठेवायचे, नाहीतर तुम्हीच कुठे वेगळा करता हे उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं.